जेवणासकट नाटक

ता. ४ मार्च

ती. दादास,

चिमीचा वाकून नमस्कार. पाठीत उसण भरली आहे, म्हणून निम्मीच वाकले. उरलेली तू येशील तेव्हा.

मी बरी आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासते आणि रात्री दुकानामागच्या खोलीत मेल्यासारखी झोपते. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून बायकोकडे बघत राहिले आणि म्हणाले, ही इतकी म्हातारी कधी झाली. आजी चिडून निघूनच गेल्या. आमचा मालक म्हणतो, गिऱ्हाइकाला इतकं स्पष्ट दाखवायचंच नाही.

आता कामाचं. तुमच्या हॉटेलाची आणि शेजारच्या नाट्यगृहाची जाहिरात पेपरात आली आहे. एकाच तिकिटात आधी जेवण, मग नाटक. दोन्ही वेगवेगळं घेण्यापेक्षा बरंच स्वस्त, असं लिहिलंय. आई-बाबांच्या लग्नाला येत्या वीस तारखेला चाळीस वर्षं होतील. आईनं आयुष्यात एकही नाटक बघितलेलं नाही, हे तुला माहीत आहे. मी जाहिरात दाखवली तर बाबा चक्क हो म्हणाले; तू तिथे असतोस, हे त्यांना माहीत नाही. मलाच विश्वास बसेना.

तू आतला माणूस आहेस, म्हणून विचारते. खरंच परवडतं का हे, की नुसतं दिसायला स्वस्त? जेवण पोटभर असतं का? जागा कुठल्या देतात? आणि दादा, बाबा आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. दुखण्यातून उठल्यापासून मवाळ झालेत. आठ वर्षांत तू घरी पाऊल टाकलेलं नाहीस. या निमित्तानं लांबून तरी दिसशील आईला.

तिला थेट लिहू नकोस. पाकिटं अजून बाबाच फोडतात.

आहेस तसाच माझा राहा.
तुझी,
चिमी

ता. ९ मार्च

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. पाठीला शेक दे आणि मालकाला सांग की तू माणूस आहेस, यंत्र नाहीस.

विचारलंस म्हणून खरं सांगतो. घेऊ नकोस ते तिकीट. साडेपाचला दारं उघडतात आणि सातला नाटकाची पहिली घंटा होते. दीड तासात ऐंशी माणसं जेवून बाहेर काढायची. म्हणजे सूप सकाळचं, मांस दुपारीच भाजून ठेवलेलं, मी फक्त वरून गरम रस ओततो. मागितलं तरी पुन्हा वाढत नाहीत. लोक घड्याळाकडे बघत घास गिळतात. नाटकाच्या जागाही कडेच्या. अर्ध्या जागांवरून खांब दिसतो, खांबामागचं नाटक ऐकायचं. नुसतं नाटकाचं तिकीट काढ आणि निघताना आईला कोपऱ्यावरच्या बेकरीत गरम पाव खायला घाल. ती जास्त सुखी होईल.

हे झालं हिशेबाचं. आता दुसरं.

आमचा मुख्य आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात, या जेवणांच्या घाईत पिसाळतो. गेल्या गुरुवारी भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून ताटं फुटली. वस्तादानं भट्टीतला चिमटा उचलून त्याच्या कोपराखाली टेकवला. कातडी जळल्याचा वास मी रोज घेतो, पण हा वास वेगळा होता. मला पुढचं नीट आठवत नाही. मी वस्तादाला शीतखोलीच्या दारावर दाबून धरलं होतं आणि माझा अंगठा त्याच्या गळ्यावर होता. तिघांनी मला ओढून काढलं. नंतर मी हात धुतले आणि बघत बसलो. चिमे, ते बाबांचे हात होते. तीच रुंद बोटं, तीच नखं.

त्यांनी लाकडाच्या वखारीतली फळी माझ्या हातावर मारली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला आवाज आठवत नसेल. मला आठवतो. आईचा डावा कान त्याच रात्री गेला, कारण ती मध्ये पडली. माणूस मवाळ होत नाही, थकतो. दम खाऊन झाला की पुन्हा उठतो. मी भट्ट्या आणि सुऱ्यांमध्ये उभा असताना त्यांना माझ्यासमोर आणू नकोस. मला त्यांची भीती वाटत नाही. माझी वाटते.

रागावू नकोस. माया पातळ करू नकोस.
तुझा,
दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,

नमस्कार. या वेळी पुरती वाकले आहे, कारण तुझ्याशी खोटं बोलले.

बाबा मवाळ झालेले नाहीत. जानेवारीत आईच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. तिनं डॉक्टरांना सांगितलं, दारात सापडली. मलाही तेच सांगितलं. मी तिच्यासमोर ते दार उघडून-मिटून दाखवलं, त्यात बोट सापडायला जागाच नाही. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, मग कपाटाचं असेल. मला वाटलं, तुला कळवलं तर तू रात्रीच्या गाडीनं येशील आणि काहीतरी करून बसशील. म्हणून लपवलं.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. वस्तादाचा भाग गाळला, खांबाचा वाचला. तिनं शांतपणे ऐकलं आणि उलट मलाच समजावलं. तिचं म्हणणं असं, की नुसतं नाटक असेल तर बाबा जाणार नाहीत, आणि ते गेले नाहीत तर तिलाही सोडणार नाहीत. बाबांनी होकार दिला तो जेवणाला. त्यांच्या लेखी जेवणावर नाटक फुकट आहे. तिच्या लेखी जेवण हे नाटकाचं भाडं आहे. तेव्हा तुझा हिशेब बरोबर असला तरी तिच्या कामाचा नाही. सूप गार असो नाहीतर मांस शिळं, तिला सातच्या घंटेला त्या दारातून आत जायचंय. खांबामागून ऐकू येईल का, एवढं विचार म्हणाली, आणि एक कान चांगला आहे, असं सांगायला सांगितलं.

माझं सुट्टीचं जमत नाही, ते दोघंच येतील. ती तिचा निळा कोट घालणार आहे. तू ओळखशील.

मला माफ कर, आणि लिहायचं थांबवू नकोस.
तुझी,
चिमी

ता. १५ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. तिकिटं मीच काढली, पाकिटात घातली आहेत. खांब टाळून जागा मागितली, तर खिडकीवरचा म्हणाला, या तिकिटावर हट्ट चालत नाही. जेवणाचं टेबल तेवढं वाढप्याला सांगून स्वयंपाकघराच्या दाराजवळचं ठेवलंय. दाराला वाटोळी काच आहे. मी बाहेर येणार नाही. आईला काचेतून बघेन, एवढंच. शब्द देतो.

दादा

ता. २२ मार्च

चि. चिमीस,

आशीर्वाद. तुला उडत उडत कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. दोन रात्री चौकीत काढल्या, आज सकाळी सोडलं. भुवईवर पाच टाके आहेत, बाकी धड आहे. शब्द मोडला.

ते सव्वापाचलाच येऊन दारात उभे होते. आईनं निळा कोट घातला होता. ती आत आली ती भिंतीवरची नाटकाची चित्रं बघत. सूप संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मी दर पाच मिनिटांनी काचेशी जात होतो, वस्ताद शिव्या देत होता. मांस वाढलं तेव्हा मला कळलं की आईला सुरी धरता येत नाही. बोटं वळत नाहीत तिची. बाबांचं खाऊन झालं होतं, त्यांनी तिला कापून दिलं नाही. शेवटी ती हातानं तुकडे तोडायला लागली. लोकांत शोभा करतेस, म्हणून ते खेकसले, ते मला काचेपलीकडे ऐकू आलं.

मग त्यांनी आणखी मांस मागितलं. वाढप्यानं नम्रपणे सांगितलं की या तिकिटात एकदाच मिळतं. त्यांनी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात घंटा झाली. आई उठली आणि त्यांच्या बाहीला हात लावून काहीतरी म्हणाली. वाढप्यानं मला नंतर सांगितलं, ती म्हणाली की घंटा झाली, चला ना. त्यांनी वाढप्याला सोडलं, आईची मान मागून पकडली आणि तिचं तोंड ताटात आपटलं. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्यांदा ताट फुटलं.

माझ्या हातात हाडं तोडायचा सुरा होता. तो मी ओट्यावर ठेवला. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण चौकीतही सगळ्यांना हेच सांगत होतो. मी तो ठेवला आणि दार ढकललं.

पहिला ठोसा मीच मारला. त्यांनी मला ओळखलं नसावं, मी पांढऱ्या कपड्यांत होतो. टेबलं उलटली, बायका किंचाळल्या, कुणाचा तरी पेला माझ्या पायाखाली फुटला. त्यांनी बाटली घेऊन माझ्या कपाळावर फोडली, रक्तानं मला एका डोळ्यानं दिसेना. मग त्यांनी ओळखलं. माझं नाव घेऊन हसले. त्या हसण्यावर मी मारलं आणि जबडा मोडल्याचा आवाज आला. ते खाली पडले. तिथे थांबायचं होतं, चिमे. मी थांबलो नाही. त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसलो आणि मारत राहिलो. ते हात आडवे करायला लागले, लहान मुलासारखे, तरी मारत राहिलो. मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात आई माझ्याशेजारी खाली बसली. नाकातून रक्त, केसांत रस्सा. तिनं मला धरलं नाही, ओढलं नाही. फक्त म्हणाली, "थोरल्या, ऊठ. मला उशीर होतोय."

मी उठलो. तिनं रुमालानं तोंड पुसलं, बाबांच्या कोटाच्या खिशात हात घालून तिकीट काढलं आणि त्यांच्या अंगावरून पाय टाकून निघून गेली. पोलीस आले तेव्हा ती नाट्यगृहात होती.

नोकरी गेली. वाढप्यानं आणि शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं खरी साक्ष दिली, तरी तारखेला हजर राहावं लागेल. आई कुठे आहे, ते कळव. ती माझ्याशी बोलेल का, तेही.

आशीर्वाद द्यायला तोंड राहिलेलं नाही, पण देतो.
दादा

ता. २६ मार्च

चि. थोरल्यास,

आईचे पोटभर आशीर्वाद. अक्षर वाकडं आहे, बोटं ऐकत नाहीत. पण हे पत्र चिमीकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

मी चिमीच्या खोलीत आहे. कपडे आणि पितळी डबा आणलाय, बाकी तिथेच राहू दे. तुझ्यावर रागावले आहे. सुरा ठेवलास, हे चांगलं केलंस. पण नंतर तुझा चेहरा मी जवळून बघितला आणि तो मला ओळखीचा वाटला, तुझा म्हणून नव्हे. चाळीस वर्षं त्याच चेहऱ्याखाली काढली. तो तुझ्यावर पुन्हा दिसला तर तुझ्याकडेही पाठ फिरवीन. मला तारायला तो चेहरा नको. असा ये, जेवायला ये.

चौकीत मी स्वतः गेले. दाराचं नाही, कपाटाचं नाही, सगळं जे होतं ते सांगितलं. कानापासून सुरुवात केली. तिथल्या बाईनं लिहिता लिहिता मध्येच पेन ठेवलं आणि मला पाणी दिलं. मला रडू आलं नाही. नुसती दमले.

नाटकाचं तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. पहिली दहा मिनिटं हुकली. खांब होताच. अंधारात दारावरच्या मुलीनं माझं तोंड बघितलं आणि पुढच्या रांगेत रिकाम्या जागेवर नेऊन बसवलं. नाकाला रुमाल लावून बघत होते. गोष्टीतली बाई घर सोडायचं की नाही, याचाच विचार करत बसते. शेजारचे लोक डोळे पुसत होते. मला वाटत होतं, अगं बाई, किती बोलतेस, ऊठ ना. तरी शेवटपर्यंत बसले. टाळ्या वाजवायला डाव्या हातानं मांडीवर थाप मारली.

काल दवाखान्यात जाऊन आले. जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही, पाटी दिली आहे. त्यांनी लिहिलं, घरी कधी येतेस. मी त्यांच्या हातातली पेन्सिल धरली. त्यांनी लगेच सोडली नाही, बोटं घट्ट धरून माझ्याकडे तसंच बघितलं. चाळीस वर्षं त्या बघण्यावर मी हातातलं सोडून देत आले. मी ओढून घेतली आणि खाली लिहिलं, येत नाही. पाटी त्यांच्या छातीवर ठेवली आणि परिचारिकेला सांगितलं, यांना पातळ खायला द्या, आणि मला निरोप देऊ नका.

तारखेला मी येईन, तुझ्या बाजूला बसेन. स्वच्छ शर्ट घाल.

जीव लावतेस का म्हणून विचारू नकोस, लावते.
तुझी,
आई