खालांच्या कानातली शिट्टी

सोमवार, संध्याकाळ

या वहीत शनिवारच्या पानावर लिहिलंय की गुलमंडीच्या खालांची काही तक्रार नाही. ते खरं नाही. तक्रार होती. मी हसले होते.

दवाखान्यात पडून राहायला नको म्हणून डॉक्टरांनी त्यांना अँटिबायोटिकची इंजेक्शनं घरीच सुरू केली, रोज एक, चौदा दिवस. ती द्यायला मी जाते. शनिवारी दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा खाला म्हणाल्या, "बेटी, कानात कुकरची शिट्टी वाजतीय. बंदच होत नाय."

सून आतून ओरडली, "डाळ शिजली असंल, अम्मी!"

खालाही हसल्या. मी हसत हसत औषध सोडलं आणि वहीत 'तक्रार नाही' लिहिलं. या औषधानं ऐकू येणं जाऊ शकतं, आधी कानात असाच आवाज येतो, हे मला पाठ आहे. पाठ असून काय?

काल पुन्हा दिलं. आजही. आज निघताना दोन हाका मारल्या तेव्हा कुठं त्यांनी वळून पाहिलं. सून म्हणाली, "माझं तर कधीच ऐकत नायत." या वेळी कुणी हसलं नाही.

लहानपणी नाना, माझे वडील, घरी शिकवायचे तेव्हा चुकलेलं खोडू द्यायचे नाहीत, खाली खरं लिहायला लावायचे. लिहिलं. रडू येत नाही. भीतीही वाटत नाही. फक्त ती शिट्टी.

डॉक्टर आज बाहेरगावी आहेत. उद्या, मंगळवारी, नऊला येतील. इंजेक्शन भरण्याआधी त्यांना सांगायचं. शिट्टी आजपासून नाही, शनिवारपासून आहे.