बटण आधी, वाचन नंतर

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली, उरलेली मनाने टेकली असं समजा.) तुमचा गुडघा आणि मामींचं रक्तदाब मोजायचं यंत्र, दोन्ही ठीक चालत असतील. आम्ही मजेत आहोत. विमानकंपनी मला शिक्षक-वैमानिक करणार हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते या आठवड्यात हातातोंडाशी येऊन जाणार होतं, म्हणून हे सविस्तर पत्र.

तुम्ही विमानतळाच्या मनोऱ्यात नियंत्रक होतात तेव्हा वैमानिकाला जे सांगायचं ते रेडिओवर बोलून सांगायचात, आणि त्याच्याकडून शब्दन्‌शब्द परत म्हणवून घ्यायचात. (मला दुकानात पाठवतानाही सोडलं नाहीत. साबण, मेणबत्त्या, अर्धा डझन अंडी, हे म्हणून दाखवल्याशिवाय चप्पल घालायची सोय नव्हती.) आता लांबच्या पल्ल्यावर नियंत्रक लिहून पाठवतो. टिंग वाजतं, समोरच्या पडद्यावर निरोप उमटतो, आपण ‘मान्य’चं बटण दाबायचं. खरखर नाही की ओरडाओरडा नाही. सोय उत्तम आहे, उगाच नावं ठेवू नका. फक्त आमची एक शिस्त असते: निरोप दोघांनी आपापला वाचायचा, मग एकाने मोठ्याने वाचायचा, आणि मगच बटण.

परवा माझ्या शेजारी जी सहवैमानिक होती ती इतकं कमी बोलते की आम्ही तिला मुनीबाई म्हणतो. ती पुढच्या विमानतळाचं हवामान वाचत होती. माझ्या मांडीवर जेवणाचा ट्रे, हातात चहा. टिंग वाजलं. वर चढायची परवानगी मी तासाभरापूर्वीच मागितली होती, त्यामुळे निरोपात मला हवं तेवढंच दिसलं: दोन हजार फूट वर चढा. बटण दाबलं, उंचीची कळ फिरवली आणि विमान चढायला लागलं. यंत्रासारखा आज्ञाधारक नोकर नाही मामा, आपली चूकसुद्धा ते अगदी बिनचूक करतं.

मुनीबाईने मान वर केली, पडदा वाचला आणि म्हणाली, “सर, पुढचा टप्पा ओलांडल्यावर चढायचंय. अजून अकरा मिनिटं आहेत.”

तिचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. विमान ताबडतोब खाली आणलं. दीडशे फूट चढलो होतो. ज्याच्यासाठी थांबायचं होतं ते वरून आडवं जाणारं विमान अजून बरंच लांब होतं, आणि जमिनीवर कोणाच्या लक्षातही आलं नाही. चहा मात्र सगळा पँटवर.

खरी पंचाईत पुढेच होती. शिक्षकपदाचं पत्र चार दिवसांवर आलेलं, झाकली मूठ झाकलेली, आणि मुनीबाई काही बोलणार नव्हती (ती नमस्कारालाही नुसती मान हलवते). पण उतरल्यावर मला तिच्याकडे बघवेना. तिने पकडलेली चूक मी गिळून टाकली, तर पुढच्या खेपेला दुसऱ्या कॅप्टनला टोकायला ती कचरेल, याची मला मनापासून भीती वाटली. ओल्या पँटीनेच बसून अहवाल लिहिला आणि चूक कोणी पकडली तेही ठळक लिहिलं. सुरक्षा विभागाच्या बाईंनी बोलावून तासभर उलटतपासणी घेतली. शेवटी म्हणाल्या की शिक्षक तुम्हीच व्हा, आणि पहिला तास याच चुकीवर घ्या. हे ऐकून मुनीबाई चक्क हसली. सध्या मी फार खुशीत आहे.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. : एवढं पुराण लावायचं कारण असं, की मामींच्या फोनवर आमच्याकडून गेलेल्या निरोपाला तुम्ही लगेच ‘येतो’ म्हणालात आणि पुढच्या रविवारची तिकिटंही काढलीत. निरोप होता, ‘पाहुण्यांच्या खोलीचा रंग वाळला की महिनाभर राहायला या.’ त्या खोलीत अजून रंगाऱ्याची शिडी उभी आहे. घाई कोणाच्याही हातून होते, माझ्या हातूनही झालीच की. तेवढा निरोप मामींना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, ही नम्र विनंती. (फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.)

आणखी एक ता. क. : पाकीट बंद करण्याआधी हिने पत्र मागून घेतलं, मोठ्याने वाचलं, आणि मग माझा फोन मागितला. निरोप हिने सांगितला होता, लिहून पाठवला होता मी, चहा पिता पिता. त्यात रंगाचं अक्षरही नाही. ‘महिनाभर राहायला या’, एवढंच आहे. तेव्हा मामा, रविवारीच या. शिडी हलवतो, गाद्या बैठकीच्या खोलीत घालतो आणि स्टेशनवर घ्यायला स्वतः येतो. हे सगळं हिने माझ्याकडून दोनदा परत म्हणवून घेतलं आहे.