थँक्सगिव्हिंगच्या आधीचं ट्यूनिंग

१० नोव्हेंबर १९८६, बरबँक
गाडी स्मॉग टेस्टमध्ये नापास. धुरात न जळलेलं पेट्रोल फार, म्हणे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या अर्मेनला म्हटलं, तुझं मशीन बिघडलंय. म्हणाला, काका, मशीन कालच तपासून घेतलंय. उर्मट!

कार्ब्युरेटर मीच नीट करणार. विमानाच्या कारखान्यात जन्म गेलाय माझा. (स्टोअरमध्ये. पण विमानं रोज दिसायची.)

थँक्सगिव्हिंगच्या सणाला फ्रेस्नोला जायचंय, लेकीकडे. टेस्ट पास नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर फ्रेस्नो नाही. वेळ भरपूर आहे.

१३ नोव्हेंबर
हिशेब सोपा. पेट्रोल कमी, हवा जास्त, की धूर साफ. मिक्श्चरच्या स्क्रूवर कंपनीने बूच ठोकलंय, कुणी हात लावू नये म्हणून. कुणी म्हणजे अडाणी लोक. ड्रिल मारून बूच काढलं, स्क्रू चांगला पिळला. इंजिन आचके देतंय. होईल सवय.

लोर्नाचा फोन. म्हणाली, बाबा, ग्लेन येऊन घेऊन जाईल तुम्हाला. जावयाच्या गाडीत बोचक्यासारखं बसून जाऊ? म्हटलं, माझी गाडी जवळजवळ तयार आहे. म्हणाली, मागच्या वर्षीही जवळजवळच होती. आईवर गेलीय, टोचून बोलते.

१८ नोव्हेंबर
पुन्हा नापास. आकडा आधीपेक्षा वर! अर्मेनने कपाळाला हात लावला. काका, इंजिनला उपाशी मारलंत तुम्ही, म्हणाला. हवा इतकी झालीय की ठिणगी पडूनही धड पेटत नाही, पेट्रोल तसंच मागून बाहेर. काहीतरीच! कमी दिलेलं पेट्रोल जास्त कसं होईल? ठेवून जा म्हणाला. म्हटलं, बघू.

तिथेच कॉफी घेत बसलो बराच वेळ. माणूस गप्पिष्ट आहे, त्याचं मन मोडवेना.

२२ नोव्हेंबर
स्क्रू अर्धा आटा सैल. मग पुन्हा घट्ट. डॉट, माझी बायको, असती तर आत बसून तिने पेडल दाबलं असतं. एकट्याला दोन्ही जमत नाही. ती गेल्यापासून घर खायला उठतं, इंजिन चालू असलं की बरं वाटतं. ही तांत्रिक नोंद आहे, रडगाणं नव्हे.

लोर्नाचा फोन. येताय की नाही, एकदाच काय ते सांगा, सणाच्या जेवणाला मोठी टर्की आणायची की लहान? म्हटलं, असल्या कामाला तारखा लावता येत नाहीत.

२६ नोव्हेंबर
गाडी अर्मेनकडे दिली. माघार नव्हे, त्यालाही अनुभव मिळावा. मशीन लावलं, स्क्रू फिरवला, माझी कॉफी संपायच्या आत पास! मी केलं तेच त्याने केलं, फक्त उलट्या बाजूला.

घरी येताच लोर्नाला फोन. म्हणाली, बाबा, तुमचं काही कळेना म्हणून आम्ही ग्लेनच्या आईकडे निघालोय, बॅगाही भरल्या. तुम्ही तिकडेच या ना. म्हटलं, छे छे, मलाही उद्या कामं आहेत.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
गाडी काढली. आचका नाही, धूर नाही, वास नाही. झकास! अर्मेनला दाखवावी म्हणून गॅरेजवर गेलो. कुलूप. सणाला माणूस घरीच असणार, हे डोक्यातच आलं नाही.

तरी दोनदा हॉर्न वाजवला.