पाहुण्यांसाठी राखलेला गॅस

माय,

आज त्यांनी तुझा अंगठा मागितला. गॅस एजन्सीचा मेसेज आला होता, ज्याच्या नावावर कार्ड त्याने स्वतः येऊन अंगठा द्यावा, नाहीतर जोडणी बंद. तू जाऊन तीन महिने झाले, हे त्यांना कोण सांगणार? कार्ड माझ्या नावावर करायला मी सुरतेहून सकाळच्या गाडीने नंदुरबारला आले.

खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटर पाहिला, मग मला पाहिलं. "ताई, दोन वरीसमा एकच टाकी लेल शे. वापरतस का नही?"

मी भांडायलाच उठले! म्हटलं, माझी आई रोज गॅसवर रांधायची. फोनवर तूच सांगायचीस ना, "गॅसवरच करस वं, तू घोर नको करू"?

तिथून तडक मंदामावशीकडे गेले. मिरची वाळवायच्या पथारीवर इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून देठ खुडणारी तीच. तिने मान खाली घातली. "तुले कसं सांगू बाई? ती देठस्नी गोणी घर लई ये, त्यावरच भाकर टाके. म्हने, गॅस मन्ही पोरना शे, ती यी तव्हय पेटाडसू."

मिरचीचे देठ, माय? दिवसभर ते खुडून तुझ्या बोटांची आग व्हायची, भात कालवायला तू चमचा घ्यायचीस. आणि फुकट मिळतात म्हणून तेच त्या बिनखिडकीच्या खोलीत जाळलेस? एका टाकीत तुझी आठवड्याची मजुरी जायची, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण खोटं का बोललीस?

कुणाला विचारतेय मी? लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा आलो, तू चुलीवर चहा ठेवलास आणि जावई खोकत बाहेर पळाले. मला लाज वाटली. त्यांच्यादेखत तुझ्यावर ओरडले, "पाहुण्यांसाठी तरी गॅस ठेवत जा!" तू तेवढंच ऐकलंस. पाहुण्यांसाठी ठेवलास. दिवाळीचे चार दिवस आम्हाला गॅसवर पुऱ्या तळून घातल्यास, आम्ही निघालो की टाकीवर धुतलेलं फडकं घालायचीस. मला वाटायचं, काय टापटीप आहे माझी आई!

शेवटच्या दुखण्यात, तुझा खोकला थांबेना तेव्हा डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, "आजी, चुलीवर स्वयंपाक करता?" तू तोंड उघडलंस, त्याआधी मीच म्हणाले, "नाही नाही, गॅस आहे." तू माझ्याकडे पाहिलंस आणि पदर सारखा केलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस गं! परक्या माणसासमोर लेकीला खाली बघायला लागू नये, म्हणून गप्प राहिलीस ना?

मंदामावशीही आता तशीच खोकते. तिची टाकी तर कधीची रिकामी पडली आहे. उद्या तिला त्याच डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर विचारतील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही, तुझी शपथ. आणि तीही लाजून "गॅस आहे" म्हणाली, तर मी सांगेन: डॉक्टर, ही देठ जाळते. माझी आईही तेच जाळायची.

तुझी लेक,
सरला