साक्ष द्याल ना, बाई?

प्रिय कोकिळे,

या नावाने तुला हाक मारून किती दिवस झाले! मागच्या रविवारी चर्चमध्ये तू बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलीस आणि पहिल्याच गीताला तुझा आवाज चिरकला. सगळ्या बायकांत मी एकटी बेसूर म्हणून मला हसणारी तू. त्या दिवशी मी तुझ्याहून सुरात होते, म्हणजे बघ! थट्टा करतेय, पण घाईत लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे. आणि काय ग, थंडी एवढी हाडात शिरतेय, तरी तुझा गळा उघडा? मी विणून दिलेला निळा मफलर कुठे गेला?

इकडची खबर म्हणशील तर रोज सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर बर्फाची लादी असते. आमचे हे ज्या बर्फाच्या कारखान्यात वारले, तिथलीच. तिच्या कडेची खाच मी ओळखते. चिठ्ठी नाही, शिवीगाळ नाही. पाणी गुपचूप दाराखालून आत येतं, पार लोकरीच्या गुंड्यांपर्यंत. पोलिसांना सांगितलं तर हसले, वितळलेल्या बर्फाचा पंचनामा कसा करायचा म्हणाले. गल्लीतलं ते खोडकर कुत्रं आठवतं, पोस्टमनलाही न सोडणारं? ते हल्ली दिसत नाही. समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर एक माणूस बसलेला असतो. मी बाहेर पडले की अदबीने उठून उभा राहतो आणि जपून जा, जिना निसरडा झालाय, म्हणतो. जिना घराच्या आत आहे. त्याला तो कसा माहीत?

हे गेल्यावर मी देवाशी अबोला धरला होता, तुला ठाऊकच आहे. तूच मला दंडाला धरून चर्चमध्ये न्यायचीस. अमोनियाची नळी गळतेय म्हणून हे किती दिवस कानीकपाळी ओरडत होते. गळतीची घंटा सारखी वाजायची, काम थांबायचं. त्या दुपारी मात्र ती वाजलीच नाही. तिच्या हातोडीला कापड गुंडाळलेलं निघालं. आणि मॅनेजरसाहेबांनी, म्हणजे तुझ्या मिस्टरांनी, लिहून दिलं की झोपमोड नको म्हणून ऑपरेटरनेच ते गुंडाळलं. माझा माणूस, जो गजराआधी उठून गजरच बंद करायचा! जिवानिशी गेला तो गेला, वर झोपाळू ठरला. मग मी कुणापुढे आणि कशाला गुडघे टेकायचे? पण बर्फ यायला लागला, आणि पाणी पुसायला रोज गुडघ्यांवर बसावं लागलं. एका सकाळी मनात आलं, टेकलेच आहेत गुडघे, तर दोन शब्द बोलून घ्यावेत. आधी नुसती भांडले. प्रभू, हे थांबव. थांबलं नाही. मग कधी कोण जाणे, मागणंच बदललं. लादी ठेवणाऱ्याची बोटं गारठत असतील, त्याच्याबद्दल माझ्या मनात विष साचू देऊ नकोस, असं मी म्हणायला लागले. मी, जिने तू हरवलेल्या एका सुईवरून आठवडाभर तोंड फिरवलं होतं! भीती गेलेली नाही, कोकिळे. उलट वाढलीय. पण आता मी तिच्याबरोबर एकटी नसते, एवढं मला अगदी खरं कळतं. मग फडकं पिळते आणि कामाला लागते.

हे पाळकांना सांगितलं तर म्हणाले, येत्या उपासनेत साक्ष दे, संकटात प्रभूने कसं सांभाळलं ते लोकांना कळू दे. मी शब्द जुळवत बसले होते, तेवढ्यात पिशवी अडकवलेला एक गृहस्थ दारात आला आणि म्हणाला, साक्ष द्याल ना, बाई? मला वाटलं, पाळकांनीच धाडलाय. म्हटलं, अगदी आनंदाने, हवं तर गीतही म्हणते! मग त्याने पिशवीतून यांच्या मृत्यूच्या खटल्यातलं कोर्टाचं समन्स काढलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा मी पोट धरून हसले. हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं, शब्द तोच आहे, आणि मी हो म्हणून बसलेय. नंतर चर्चचे पंच येऊन गेले. झालं गेलं विसर, क्षमा कर, म्हणाले. म्हटलं, क्षमा मी केलीय, रोज सकाळी करते. पण काय घडलं तेच झाकून ठेवलं, तर क्षमा नेमकी कशाची करायची? ते चहा न घेताच उठले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल सरकारी वकिलांनी मला घंटेवरचं कापड दाखवलं. निळी लोकर. काठाजवळ एक टाका सुटलेला. तो विणताना तू मला हसवलंस म्हणून सुटला होता, आणि उसवू नकोस, तुझी सही राहू दे, असं तूच म्हणाली होतीस. त्या दुपारी साहेबांचा डबा घेऊन तू माझ्या दारावरून गेलीस तेव्हा मफलर तुझ्या गळ्यात होता. परतलीस तेव्हा नव्हता. त्यांनी तो कशाला मागून घेतला, हे तुला तेव्हा माहीत नसणार, असं मी धरून चालते. उद्या कोर्टात मला विचारतील, हा कुणाचा. मी सांगणार आहे. तिथे चारचौघांत कानावर पडण्याआधी माझ्याकडून ऐक. मी तो ओळखल्याचं वकिलांना सांगितलंय आणि त्यांच्या कचेरीत भिंतींना कान आहेत, म्हणजे आज संध्याकाळपर्यंत साहेबांनाही कळेल, आणि तेव्हा तू त्या घरात असू नयेस. म्हणून हे पत्र पाळकांच्या बायकोच्या हाती देतेय. वाच, फाड, पायांत चपला सरकव आणि माझ्याकडे निघून ये. तुझं अंथरूण घातलंय. समोरच्या ओट्यावर आज कुणी बसलेलं नाही. तरी दाराची कडी मी लावणार नाही. पावलं वाजली की कोण आहे म्हणून विचारणार नाही, तूच आलीस असं समजेन.

तुझीच,
बेसुरी