पाण्याखाली किती पायऱ्या

४ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

लेकीच्या घरी येऊन आज तीन महिने झाले. खोकला गेला, वजन वाढलं, जावई माझी फार बडदास्त ठेवतात. पण इथे पाणी दिसतं ते नळात आणि झाड दिसतं ते कुंडीत. आपल्या गल्लीत दुपारचा उजेडसुद्धा पानांतून हिरवा होऊन खोलीत यायचा. ते रोज आठवतं.

एकतीस वर्षं नदीची पातळी मोजायची नोकरी केली, ती सवय काही सुटत नाही. रोज सकाळी घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते तू लिहून पाठवतेस, आणि मी इथे स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या तक्त्यात ते भरतो. लेक हसते. म्हणते, बाबा, आता कायमचे इथेच राहा. माझ्या खोल्या ठेवायच्या की सोडायच्या, हे महिनाअखेर घरमालकांना कळवायचंय. तू वरच्याच मजल्यावर राहतेस, तुझं मत काय?

लोभ आहेच, पत्रांत कंजुषी नको.

तुझा दादा

११ सप्टेंबर

ती. दादास, सा. नमस्कार वि. वि.

मत कसलं विचारतोस? लेक मायेने ठेवून घेतेय, तर राहावं. इथे ओल, शेवाळ आणि तुझा खोकला. काठावरची झाडं यंदा इतकी वाकलीत, की होडीवाले मान खाली घालून जातात. माझी काळजी नको, मी ठणठणीत आहे.

पायऱ्या: सोमवारी नऊ, मंगळवारी अकरा, बुधवारी सात, गुरुवारी एकोणीस.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

पायऱ्या एकंदर अठराच आहेत. एकोणीस बुडाल्या म्हणजे शहरच बुडालं. तरी पत्र वेळेवर आलं, टपालखात्याचं कौतुक वाटलं. आणि एका दिवसात बारा पायऱ्या पाणी चढत नसतं. एकतीस वर्षं मी तिथे काय माशा मारत होतो?

थट्टा पुरे. मला रागापेक्षा रडू आलं. इतके दिवस नदी कशी होती, हे मला ठाऊकच नाही. खरं काय ते लिही.

दादा

२२ सप्टेंबर

ती. दादास, सा. नमस्कार.

चोरी पकडलीस. तू गेल्यापासून मी एकदाही नदीवर गेले नाही. गुडघ्यांनी संप केलाय. जिना उतरायलाही शेजारणीचा हात लागतो. खिडकीतून पाणी दिसत नाही, मधे नुसती झाडं. आकडे मनानेच लिहायचे, कारण त्यांच्या निमित्ताने तुझं पत्र यायचं.

तुला जा म्हणाले मीच, आता ये कुठल्या तोंडाने म्हणू? लेकीचं सुख तुझ्या वाट्याला आलंय, त्यात मी माती कशाला कालवू? खोल्या सोड. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

रागावलास तरी लिहीत जा.

तुझी धाकटी

२७ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

खोल्या ठेवतोय, घरमालकांना कळवलं. शनिवारी सकाळी पोहोचतो. लेकीला म्हटलं, आत्याचे गुडघे गेलेत, तिला एकटी ठेवणं बरं नाही. ती रडली, मग तिनेच बॅग भरली आणि तुझ्यासाठी तेलाच्या दोन बाटल्या दिल्या. जावयांनी खोकल्याचं औषध आणलं. दोघांनी माझ्या मोठ्या मनाचं इतकं कौतुक केलं, की मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

तुला मात्र खरं सांगतो, रागावू नकोस. तुझे गुडघे धडधाकट असते, तरी काहीतरी निमित्त काढून मी आलोच असतो.

तुझा दादा