हळदीकुंकवाची मेमरी

श्रीगोंदा, ४ ऑक्टोबर २०२५

चि. सुमंत यास अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. भाऊबीजेआधीच्या आपल्या शेवटच्या ऑनलाइन बुद्धिबळात जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या घरी जायचं, हे ठरवलंस तूच. दोन वर्षं माझा कॉम्प्युटर ऐन रंगात गोठतो, घड्याळ संपतं आणि तू जिंकतोस. मग गुडघे धरत केडगावला येते मी! बहिणीनं भावाकडे जायची भाऊबीज कुठं पाहिलीस रे?

यंदा म्हणून आठ जीबीची नवी मेमरी ऑनलाइन मागवली. काल आली. रीतसर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं, वाळवली आणि बसवली. कॉम्प्युटर नुसता पीं पीं करतोय. परत करू म्हटलं तर फोटो मागितले, आणि वस्तू वापरलेली दिसते म्हणून नकार. मेल्यांना पूजा म्हणजे वापर वाटतो! बारा तारखेचा डाव माझा बुडणार. हसू नकोस.

लोभ आहेच, तो केडगावातच साठवू नकोस.
तुझी ताई, विजया

केडगाव, ७ ऑक्टोबर

ती. विजयाताईस सा. न. वि. वि.

हसलो. माफ कर. जन्मभर गणित शिकवलंस आणि मेमरीला आंघोळ घालतेस? नशीब, नैवेद्य दाखवला नाहीस!

खरं तर मी गप्प बसायला हवं, डाव आयता मिळतोय. पण ऐक. प्लग काढ, मेमरी बाहेर घे आणि तिच्या सोनेरी पट्टीवर हलक्या हातानं खोडरबर फिरव. मुलांकडून जप्त केलेले डबाभर असतीलच तुझ्याकडे. मग टक असा आवाज येईपर्यंत दाबून बसव.

राग धरू नये, लोभ धरावा.
धाकटा, सुमंत

श्रीगोंदा, १३ ऑक्टोबर

चि. सुमंत यास अ. उ. आ.

चालला की रे खोडरबर! काल तुझा वजीर मारला तेव्हा मी इतकी ओरडले की शेजारच्या मालनबाई धावत आल्या. आता तेवीस तारखेला मुकाट्यानं ये. पाठदुखी, पाहुणे, काही ऐकणार नाही.

पण जिंकायची एवढी हौस तुला, मग मला युक्ती सांगितलीस कशाला?

तुझी ताई

केडगाव, १६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

खरं सांगतो. भाऊजी गेल्यापासून तुझ्या घरात पाऊल टाकायचा धीर होत नाही. त्यांची रिकामी खुर्ची दिसली तर रडू फुटेल, म्हणून ती पैज काढली. तुझा कॉम्प्युटर गोठला की सुटलो असं वाटायचं. तुझ्या गुडघ्यांचं वाचलं आणि लाज वाटली. तरी अजून भीती वाटते गं.

तुझा, सुमंत

श्रीगोंदा, १८ ऑक्टोबर

चि. सुमंत यास अ. उ. आ.

वेड्या, रडायचंच असेल तर इथं येऊन रड. एकटीनं रडून मलाही कंटाळा आलाय.

तुझी ताई